बांबूची काठी आणि केनेटचा रोच मासा

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या एका जुन्या बाजारात घेतलेली गळाची काठी आज एकदाची केनेट नदीवर नेली. १६ जूनपर्यंत इथे नद्यांवर गळ टाकायला बंदी, त्यामुळे दुरुस्तीला भरपूर वेळ मिळाला.

काठी स्प्लिट केनची. टोंकिन बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून केलेली, षटकोनी. खरं किचकट काम गळाची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या काठीला बांधायचं. रेशमी दोरा वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळायचा. त्यावर थेट व्हार्निश लावलं तर दोऱ्याचा रंग उडून खालचा बांबू दिसू लागतो. मला तेच आवडतं, म्हणून रंग टिकवायचं औषध लावलंच नाही. मग व्हार्निशचे पातळ हात, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळेपर्यंत गप्प बसणं!

आजच्या कार्बन फायबरच्या काठीपेक्षा ही जड, पण मासा लागला की पार मुठीपर्यंत वाकते. रिचर्ड वॉकर या इंग्लिश गळकऱ्याने १९५२ मध्ये ४४ पौंडांचा कार्प मासा स्प्लिट केनवरच काढला होता. मला वीतभर रोच मिळाला, इथल्या रीतीप्रमाणे परत सोडला.

आईला फोनवर सांगितलं. मालवणची ती! म्हणाली, "सोडूचो होतो तर धरलंस कित्याक?"

कुणाकडे जुना सेंटरपिन रीळ (गळाची दोरी गुंडाळायचं साधं चाक) पडून असेल तर कळवा.