केसपेपरवरचा फोन नंबर

माझ्या केसपेपरवर पहिल्या दिवशी वडिलांचा मोबाइल नंबर लिहिला गेला आणि पुढच्या गोंधळाचे मूळ तेच ठरले. तेव्हा मी 20 वर्षांचा होतो आणि तासगाव तालुक्यातून रोज एसटीने सांगलीला कॉलेजला येत असे. झोप उडाली होती आणि त्या सत्राचे पेपर मी दिलेच नव्हते. भेटीची आठवण देणारा संदेश दवाखान्याच्या संगणकावरून वडिलांच्या फोनवर गेला. त्यातला ‘मानसोपचार’ हा शब्द चुलतभावाने घरात सर्वांसमोर मोठ्याने वाचला. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे, हे मला नंतर कळले.

मी उपचार सोडण्याच्याच बेतात होतो. मात्र समुपदेशक मॅडमनी चूक मान्य केली, नंबर बदलला आणि पहिल्यांदाच मला विचारले, की माझा फोन आणखी कोण उघडते, संदेश कोणत्या वेळी यावा आणि त्यात कोणते शब्द नकोत. त्यानंतरच्या संदेशांत ना दवाखान्याचे नाव असे, ना गोळीचे. माझा फोन साधा होता आणि देवनागरीतला एक एसएमएस 70 अक्षरांचा. त्यात काना, मात्रा, वेलांटी हेही स्वतंत्र मोजले जातात. त्यामुळे मॅडमना उपदेश करायला जागाच उरत नसे, हा त्याचा फायदाच झाला असे मी मानतो.

खरी कसोटी दुसऱ्या आठवड्यात लागली. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला अनेकदा काही आठवडे लागतात, मळमळ मात्र आधी सुरू होते. त्यामुळे औषधाने आपण आणखी बिघडलो, असा माझा ठाम समज झाला होता. ‘मळमळ आहे का? हो/नाही एवढेच कळवा.’ असा संदेश आला. मी ‘हो’ लिहिले. तासाभरात मॅडमचा फोन आला आणि डॉक्टरांना विचारून गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली गेली. तो ‘हो’ कोणी वाचलाच नसता, तर पुढच्या संदेशाला मी उत्तर दिले नसते.

पुढे ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेच्या छाटणीचे निमित्त करून मी भेट चुकवली. निमित्तच ते, खरे तर लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी संदेश आला: ‘काल वाट पाहिली. रागावलेले नाही. पुढची वेळ कोणती देऊ?’ चार दिवस मी उत्तर दिले नाही, पण तो रोज उघडून पाहिला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोट्टो यांनी पुढील उपचार नाकारलेल्या रुग्णांना पाच वर्षे, काहीही न मागणारी छोटी पत्रे पाठवली होती आणि पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या, हे मॅडमनी मला पुढे कधीतरी सांगितले. पाचव्या दिवशी मी ‘बुधवार’ एवढेच लिहिले.

संदेशांना उत्तर सकाळी 10 ते संध्याकाळी 6 या वेळेतच मिळेल, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले होते. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक त्यांनी माझ्याकडून फोनमध्ये साठवून घेतला. तो मी एकदाच, पहाटे तीनच्या सुमारास लावला आणि सकाळी तसे मॅडमना कळवले. त्या आठवड्याची भेट त्यांनी दोन दिवस अलीकडे घेतली. त्या भेटीला मी वडिलांना सोबत नेले आणि केसपेपरवर त्यांचा नंबर पुन्हा लिहायला सांगितला, या वेळी माझ्या नंबरच्या खाली.