चुकीच्या खात्यात गेलेले ४६,५०० रुपये

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. पद मानद, म्हणजे पगार नाही आणि बोलणी मात्र नियमित. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी उरकल्यावर, गच्चीवरच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल भागवलं. ४६,५०० रुपये, नेटबँकिंगवरून एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून थेट दुसऱ्या बँकेतल्या खात्यात. आमच्यात एंट्री मी टाकतो आणि मंजुरी सेक्रेटरी देतात, त्यामुळे बिलावरचा खातेक्रमांक दोघांनी ताडून पाहिला होता. व्यवहार यशस्वी झाल्याचा मेसेज आला, यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, आला, मी व्हाउचर फाइलला लावलं. आठवडा उलटायच्या आत कॉन्ट्रॅक्टरचा फोन. "साहेब, पेमेंट कधी टाकताय?"

घोळ त्याच्या बिलबुकात निघाला. नवीन बिलबुक छापून घेताना प्रेसवाल्याने खातेक्रमांकातले दोन आकडे उलटे लावले होते, ७४ च्या जागी ४७. बिल आणि त्याच्या पासबुकाचं पहिलं पान शेजारी ठेवून, एकेका आकड्यावर बोट ठेवत गेलो तेव्हा कुठे ते दिसलं. आणि ४७ वाल्या क्रमांकाचं खातं त्याच बँकेत खरोखरच होतं. नसतं तर काहीच बिघडलं नसतं, कारण एनईएफटीत समोर खातंच सापडलं नाही तर व्यवहारांचा तो गठ्ठा (बॅच) निकाली निघाल्यापासून दोन तासांत पैसे परत पाठवावे लागतात. आमचे गेले ते जमा होऊन बसले.

"पण नाव तर बरोबर टाकलं होतं ना?" हा प्रश्न मला सोसायटीतल्या प्रत्येकाने विचारला. नाव बरोबरच होतं, पण त्याला कोणी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगून ठेवलंय की पैसे जमा करताना फक्त खातेक्रमांक बघितला तरी चालेल, आणि तो अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. आयएफएससी कोडही आम्हाला वाचवू शकला नाही. कोड कॉन्ट्रॅक्टरच्या डोंबिवलीच्या शाखेचा होता, पण कोअर बँकिंग आल्यापासून, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणक यंत्रणेला जोडल्यापासून, खातं राज्यात कुठल्याही शाखेत असलं तरी क्रमांक जुळला की पैसे जमा.

आधी आमच्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "लेटर द्या, रिकॉल टाकते." लेटरहेडवर अर्ज लिहिला, सोसायटीचा शिक्का मारला. व्यवहाराची तारीख, रक्कम, यूटीआर, चुकीचा क्रमांक, बरोबर क्रमांक, सोबत बिलाची झेरॉक्स, कॉन्ट्रॅक्टरचा रद्द केलेला चेक आणि पैसे मिळाले नाहीत असं त्याचं पत्र. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. (पोच नसेल तर पुढे सगळं हवेत.) रिकॉल टाकणं म्हणजे आमची बँक समोरच्या बँकेला कळवते की हे पैसे चुकून आलेत, कृपया परत करा. "कृपया" हाच त्यातला कळीचा शब्द. समोरची बँक आपल्या खातेदाराला विचारणार, आणि त्याने लेखी संमती दिली तरच पैसे निघणार. आपल्या बँकेचं काम तिथे संपतं. हे कळायला मला वेळ लागला, कारण कॉल सेंटरवाले दर वेळी "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणायचे आणि मला वाटायचं, काहीतरी हलतंय.

एका सभासदाने १९३० ला फोन करायचा आग्रह धरला. म्हटलं, करून बघू. तिकडच्या पोलिसाने दोनच प्रश्न विचारले: कोणी ओटीपी मागितला का, कोणी फसवलं का? दोन्हीला नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं की ही लाइन सायबर फसवणुकीसाठी आहे. त्याचं बरोबरच होतं.

मग गेलो कॉन्ट्रॅक्टरच्या बँकेच्या शाखेत. अधिकाऱ्याने क्रमांक टाकला, स्क्रीन किंचित स्वतःकडे वळवली आणि म्हणाला, "हे खातं आमच्या शाखेतलं नाही." मग कुठलं? नाव सांगता येणार नाही, पत्ता नाही, फोन तर नाहीच. शेवटी माझा चेहरा बघून म्हणाला, "लातूरकडचं आहे. रिकॉल तिकडच्या शाखेला फॉरवर्ड झालाय." खातेदाराची माहिती त्रयस्थाला द्यायची नाही हा नियम आहे आणि तो असावाच. उद्या माझ्या खात्याचा पत्ता कुणी असा मागितला तर मला चालणार नाही. पण आपले पैसे ज्याच्याकडे आहेत तो माणूस आहे, त्याला फोन आहे, आणि आपण काउंटरच्या अलीकडे उभे आहोत, ही अवस्था फार चिडचिडीची असते.

त्यात विधानसभेची निवडणूक. २० नोव्हेंबरला मतदान होतं. लातूरकडच्या त्या शाखेचा लँडलाइन नंबर बँकेच्या वेबसाइटवर मिळाला, पण उचलणारा शिपाई दर वेळी सांगायचा, "साहेब इलेक्शन ड्युटीला गेलेत." निकाल लागला, सरकार कोणाचं हे कळलं, आमच्या पैशांचं काही कळेना.

वाट मोकळी झाली ती आमच्या काउंटरवरच्या बाईंमुळेच. त्या म्हणाल्या, "ते त्यांचा नंबर तुम्हाला देणार नाहीत, पण तुमचा नंबर त्यांना द्यायला कोणाची हरकत आहे? तसं लिहून द्या ना." इतकी साधी गोष्ट! नवीन अर्ज लिहिला आणि त्यात एक वाक्य घातलं: आमचा मोबाइल क्रमांक आपल्या खातेदारास देण्यास आमची पूर्ण संमती आहे, त्यांनी आमच्याशी थेट संपर्क साधल्यास आम्ही आभारी राहू. तो स्पीड पोस्टने थेट त्या शाखेच्या मॅनेजरच्या नावे पाठवला, ईमेलही केला. मॅनेजर ड्युटीवरून परतले होते. त्यांनी तो खरंच वाचला.

एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. "ते डोंबोलीचे साहेब का? बँकेतल्या साहेबांनी नंबर दिलाय. मला वाटलं पीकइम्याचे पैसे हायेत."

मी काय बोलायचं याची मनात तालीम करून ठेवली होती, ती तिथेच बाजूला पडली. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली होती, सोयाबीन पाण्यात गेलं होतं. नुकसानभरपाई येणार, विमा येणार असं सगळेच म्हणत होते. अशात खात्यात ४६,५०० रुपये दिसले तर कोणाला शंका येईल? त्यांनी हरभऱ्याचं बियाणं घेतलं, खत घेतलं, कृषी सेवा केंद्राची जुनी उधारी चुकती केली. खात्यात १४,००० आणि वर थोडी चिल्लर उरली होती. "हायेत ते उद्या देतो," ते म्हणाले, "बाकीचे देतो सोयाबीन विकल्यावर." दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतीपत्रावर सही केली आणि १४,००० रुपये आमच्या खात्यात आले.

उरले ३२,५००. त्यावरून आमच्या कमिटीत जे रणकंदन झालं ते सगळं लिहीत नाही. एक सभासद वकील आहेत, त्यांचं म्हणणं ताबडतोब नोटीस पाठवा. कायदा त्यांच्या बाजूने होता, हे मान्य. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात. आणि कळूनसवरून ठेवून घेतले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार. पण हा माणूस पैसे नाकारत नव्हता. स्वतःहून फोन करत होता, किती खर्च झाले ते न विचारता सांगत होता. त्याच्यावर अपहाराची भाषा वापरायची तर उद्या तोही वकील करणार, दिवाणी दावा लागणार, आणि ३२,५०० साठी आम्ही लातूरला तारखांना जाणार? मी विरोध केला. शेवटी ठरलं की त्यांच्याकडून साधं लेखी घ्यायचं: इतकी रक्कम चुकून जमा झाली, इतकी परत केली, उरलेली सोयाबीन विकल्यावर देईन. त्यांनी सही करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आणि मूळ कागद पोस्टाने. तो इतिवृत्ताला जोडला.

बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या बँकिंग लोकपालाकडे जायची तयारीही करून ठेवली होती. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मात्र लोकपाल बघतो बँकेने काम नीट केलं का ते. खातेदाराच्या खिशातून पैसे काढून देणं त्याच्या हातात नाही. आमच्या बाबतीत दोन्ही बँका उशिरा का होईना हलल्या होत्या, म्हणून तो अर्ज मसुद्यातच राहिला.

सोयाबीनचं म्हणाल तर त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. हमीभाव केंद्रावर माल न्यावा तर ओलावा जास्त म्हणून परत. हे मला पेपरातून माहीत होतं, आता फोनवरून कळायला लागलं. मी विचारायचो पैशांचं आणि ते सांगायचे ओलाव्याचं. "साहेब, वाळाय घातलंय." कॉन्ट्रॅक्टरही थांबायला तयार झाला, कारण क्रमांक त्याच्याच बिलावरचा होता. परत आलेले १४,००० त्याला लगेच दिले आणि न आलेली रक्कम हिशेबात सस्पेन्स खात्यावर, म्हणजे निकाल लागेपर्यंत बाजूला, टाकली. ऑडिटरने त्यावर लाल पेनने गोल काढला, कागद दाखवल्यावर टिक केली.

आता अशी चूक इतकी सहज होणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटीला आणि मोठ्या रकमांच्या आरटीजीएसला खातेक्रमांक टाकल्यावर खातेदाराचं नाव आधी दिसावं, अशी सोय बँकांनी द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. सेक्रेटरी आता ते नाव मोठ्याने वाचतात आणि मग मंजुरी देतात. शिवाय नवीन माणसाला आधी एक रुपया पाठवतो आणि त्याचा फोन आल्याशिवाय पुढे जात नाही.

संक्रांतीनंतर लातूरहून फोन आला, केंद्रावर माल गेला, पैसे जमा झाले. मी सोसायटीच्या चेकचा फोटो पाठवला. त्यांनी शाखेत जाऊन एनईएफटीचा फॉर्म भरला, स्लिपचा फोटो मला पाठवला आणि तासाभरात ३२,५०० आले. आभार मानायला मी फोन केला तर आवाज जरा नाराज.

"साहेब, बँकेनं माझे पाच रुपये नव्वद पैसे कापले."

एनईएफटी शाखेतून केली की दहा हजारांच्या वर, लाखापर्यंत, पाच रुपये आणि त्यावर जीएसटी लागतो. मी म्हटलं, "थांबा, मी आत्ता यूपीआयने पाठवतो."

"नगं नगं," ते घाईघाईने म्हणाले, "तुमी आता काय पाठवू नका."