न्यू जर्सीत मुलांची शाळा: पब्लिक स्कूल, होमस्कूलिंग आणि खरा खर्च

एडिसन, प्लेन्सबरो किंवा वेस्ट विंडसरच्या बाजूला घर शोधणारं मराठी कुटुंब आधी शाळा बघतं आणि मग स्वयंपाकघर. किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत पब्लिक स्कूलला, म्हणजे इथल्या सरकारी शाळेला, फी नाही, पाठ्यपुस्तकं शाळा देते, हे भारतात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण हे शिक्षण फुकट नाही, त्याचे पैसे फक्त वेगळ्या खिडकीवर भरले जातात. ती खिडकी म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स. २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं घरामागचं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल १०,००० डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांना जातो. तुम्ही भाड्याने राहत असाल तरी सुटका नाही, घरमालक तो भाड्यात धरतोच. चांगल्या शाळेच्या हद्दीत भाडं चढं असतं ते त्यामुळेही.

होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा, हिशेब इथूनच सुरू करायला हवा. मूल शाळेत घातलं नाही म्हणून या टॅक्समधला एक डॉलरही परत मिळत नाही. म्हणजे होमस्कूलिंग हा बदली खर्च नाही, तो वरचा खर्च आहे.

नव्याने आलेल्या पालकांना व्हिसाची धास्ती असते. ती सोडून द्या. एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या पालकासोबत, आलेल्या मुलाला इथल्या मुलाइतकाच हक्क आहे, आणि इमिग्रेशनच्या कारणावरून शाळेने मुलाला बाहेर ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवून दिलंय. शाळा मागते ते भाडेकरार आणि विजेचं बिल, जन्मदाखला किंवा पासपोर्ट, डॉक्टरांची तपासणी आणि लसीकरणाची नोंद.

अडतं ते बहुतेक वेळा या शेवटच्या कागदावर. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची लस देतात. इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा गोवराचा डोस धरत नाहीत, आणि गालगुंडाची लसही हवीच. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी यादीत नाही. त्यामुळे ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं म्हणत नेलेलं कार्ड नर्स परत करते. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) आणि कांजिण्यांची लस घ्या आणि प्रत्येक डोसची पूर्ण तारीख इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यासह आणा. क्षयाची चाचणी सांगितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्तचाचणी मागा, कारण बीसीजी घेतलेल्या मुलाच्या हातावर क्षय नसतानाही गाठ उठू शकते आणि मग एक्स-रेची धावपळ होते.

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा प्रश्न असतो. मूल मागे पडेल या भीतीने बरेच पालक तिथे इंग्रजी लिहितात. कृपा करून मराठी लिहा. त्यावरून फक्त इंग्रजीची चाचणी होते, आणि गरज असेल तर इंग्रजी शिकवणारी खास शिक्षिका विनाखर्च मिळते. चाचणी नीट गेली तर मूल नेहमीच्या वर्गातच बसतं.

पब्लिक स्कूलची खरी किंमत कळते ती मुलाला जास्तीची मदत लागते तेव्हा. बोलणं उशिरा येणं, वाचनात अडखळणं, ऑटिझम, लक्ष न टिकणं. १९७५ च्या केंद्रीय कायद्यापासून अशा मुलांना योग्य शिक्षण विनामूल्य देणं शाळांवर बंधनकारक आहे, आणि ते तीन वर्षांच्या वयापासून. बाहेर स्पीच थेरपीच्या एकेका सत्राला शंभर डॉलरच्या पुढे सहज जातात. आठवड्याला दोन सत्रं धरली तर वर्षाचा आकडा तुम्हीच मांडा. पण हे आपोआप मिळत नाही. मुलाचं मूल्यमापन करा, अशी विनंती डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) विशेष शिक्षण विभागाला लेखी द्यायची, तारीख घालायची, प्रत ठेवायची. पत्र पोचल्यापासून २० दिवसांत पहिली बैठक व्हायला हवी, आणि मूल्यमापनाला तुमची संमती मिळाल्यापासून ९० दिवसांत मूल पात्र ठरल्यास आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी आखलेला लेखी शिक्षण आराखडा, अमलात यायला हवा. शिक्षिकेला दारात तोंडी सांगितलं तर हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. कित्येक घरांत एक अख्खं वर्ष असंच जातं, आणि वाईट वाटतं, कारण लहान वयातलं ते वर्ष फार मोलाचं असतं.

शाळेचेही छुपे खर्च आहेत. प्राथमिक वर्गांना घर दोन मैलांपेक्षा दूर असेल आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा, तरच बस देणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याहून जवळ राहत असाल तर चाला, सोडा किंवा पैसे भरून बस घ्या. शाळा दुपारी सुटते, ऑफिस पाच-सहाला. मधल्या वेळेचं आफ्टरकेअर आणि उन्हाळ्याच्या साधारण दहा आठवड्यांचे कॅम्प हीच नोकरदार जोडप्याची खरी ‘फी’.

आता होमस्कूलिंग. न्यू जर्सीचा कायदा इथे कमालीचा मोकळा आहे. शाळेच्या तोडीचं शिक्षण अन्यत्र द्या, इतकंच तो म्हणतो. आधी कळवायची सक्ती नाही, परीक्षा नाही, पालकाला पदवीची अट नाही. नदीपलीकडच्या पेन्सिल्व्हेनियात मात्र दरवर्षी प्रतिज्ञापत्र, १८० दिवस किंवा ठरलेले तास, तिसरी-पाचवी-आठवीत प्रमाणित चाचणी आणि वर्षअखेर मूल्यमापकाचा दाखला लागतो. नोकरीमुळे राज्य बदलू शकतं, हे धरूनच नोंदी ठेवा.

पुस्तकांचा खर्च मोठा नसतो. गावची लायब्ररी आणि खान अकॅडमीची वेबसाइट मोफत, बाकी वर्षाला काहीशे डॉलरमध्ये भागतं. खर्च असतो माणसाच्या वेळेचा. ज्या एच-४ जोडीदाराला काम करायची परवानगी नाही, तिचा किंवा त्याचा पगार बुडत नाही. तिथे होमस्कूलिंग पैशाने स्वस्तच दिसतं. २०१५ पासून ग्रीन कार्डच्या रांगेतल्या काही एच-४ जोडीदारांना ती परवानगी मिळते. मिळाली की गणित उलटं होतं, आणि शिकवणं मधेच थांबतं. घरी बसलंय कुणीतरी, म्हणून होमस्कूलिंग सुरू करू नका. मूल वर्गाच्या फार पुढे असेल, आजारपण असेल, शाळेत त्रास होत असेल, तर करा. समोरासमोर दोन-तीन तासांत पुष्कळ शिकवून होतं, हे मात्र खरं. फक्त मराठी टिकावी म्हणून करायची गरज नाही, त्यासाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात.

आधीपासून शाळेत असलेलं मूल काढताना मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्याच. कायदा मागत नसला तरी पत्राशिवाय गैरहजेरी साठते आणि चौकशी दारात येते. शाळा सोडली की आयईपीच्या सेवा देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक राहत नाही. खेळाच्या संघात घ्यायचं की नाही, तेही डिस्ट्रिक्टच ठरवतं. हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजच्या पातळीची एपी परीक्षा मे महिन्यात असते, पण बाहेरच्या मुलाला बसू देणारी शाळा सप्टेंबरातच शोधावी लागते.

नोंदवही साधी पुरते. तारीख, विषय, पुस्तकाचं नाव आणि पान, लागलेला वेळ. ‘१२ ऑक्टोबर, गणित, अपूर्णांकांची बेरीज, पान ४६ ते ४९, ५० मिनिटं’ अशी ओळ, आणि महिन्याला प्रत्येक विषयाचं एक काम तारखेसह फाईलला. भारतात परतायचं ठरलं तर शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका मागितल्या जातात, आणि होमस्कूलिंगच्या मुलाकडे नेमकं तेच नसतं. दहावी-बारावीसाठी एनआयओएसचा, म्हणजे भारतातल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, मार्ग आहे, पण मधल्या इयत्तेत प्रवेश शाळेच्या चाचणीवर आणि या फाईलवर अवलंबून राहतो.

शाळेत परत घालायचं असेल तर नववीच्या आत घाला. न्यू जर्सीत हायस्कूल डिप्लोमाला किमान १२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे गुणांक) लागतात, आणि घरी शिकलेल्या वर्षाचे किती धरायचे ते डिस्ट्रिक्ट ठरवतं. आठवीच्या वर्षी जानेवारीतच हायस्कूलच्या कौन्सेलरची वेळ घ्या, कारण पुढच्या वर्षाचे विषय हिवाळ्यातच निवडून होतात.