नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य: उपाशी रीफ टाकीला खतपाणी

रीफ टाकीत, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, टेस्ट किटवर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले म्हणजे टाकी छान चालली आहे असं नाही. झोआ कोरल मिटून बसलेत, लेदर कोरल फिकट पडलाय आणि दुपारनंतर वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी, तारेसारखा चिकट थर चढतोय? मग पाण्यात खायलाच काही उरलेलं नाही. तो थर बहुतेक वेळा डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असतो. बाकीचं शेवाळ उपाशी राहिलं की त्याचं फावतं. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम (साधारण लिटरमागे मिलिग्रॅम), एवढं हवंच.

आधी फॉस्फेट शोषणारं मीडिया काढा आणि जिवाणू वाढवून नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला देतात तो व्होडका-व्हिनेगरचा डोस हळूहळू बंद करा. मासे असतील तर खाणं वाढवा. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारं आणि पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, मात्र एप्रिल-मे मध्ये बंद ठेवू नका. बाहेर ४५ अंश असताना कोमट पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, त्यात रात्री लाइट गेली तर मासे पहाटेपर्यंत टिकतीलच असं नाही. फक्त त्याचा फेस जमा होणारा कप थोडा वर घ्या, फेस घट्ट येऊ द्या.

एवढ्याने आठवड्याभरात आकडा हलला नाही तर डोस द्यायचा. रावेर-यावलकडे केळीला ठिबकमधून सोडतात ती दोन खतं म्हणजे हीच रसायनं: १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. तरी माझं मत लॅब ग्रेडचंच. खताची शुद्धता पिकाच्या हिशोबाने ठरते, कोळंबीच्या नाही. १९:१९:१९ आणि १२:६१:०० तर टाकीजवळही आणू नका, त्यांत अमोनियाकल नत्र असतं.

दोन वेगळ्या बाटल्या करा, प्रत्येकी १ लिटर आरओ पाण्याच्या. पहिलीत ३२.६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट: १ मिलीत २० मिग्रॅ नायट्रेट. दुसरीत १.४३ ग्रॅम मोनो पोटॅशियम फॉस्फेट: १ मिलीत १ मिग्रॅ फॉस्फेट. इतकं बारीक वजन किचनच्या काट्यावर होत नाही, सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा लागतो. २०० लिटरच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १६० लिटर धरा. तिला नायट्रेट १ पीपीएम वाढवायला ८ मिली आणि फॉस्फेट ०.०२ वाढवायला ३ मिली. एका दिवसात यापेक्षा जास्त नको.

फॉस्फेटशी गाठ पडते ती इथे. आज डोस दिला, उद्या पुन्हा शून्य. ते कुठे जात नाही. दगड आणि अ‍ॅरागोनाइट वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते, ती फॉस्फेट पृष्ठभागावर धरून ठेवते. नव्या कोरड्या दगडाच्या टाकीत हे कित्येक आठवडे चालतं. वैतागून डोस तिप्पट करू नका, कारण धरलेलं फॉस्फेट दगड नंतर परतही सोडतो. रोज तेवढंच देत राहा आणि आकडा टिकायला लागला की निम्म्यावर या.

नायट्रेट लवकर चढतं म्हणून एकट्यावर भर देणं सगळ्यात घातक. साउदम्प्टन विद्यापीठाच्या वीडनमन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरं असेल तर उष्णता आणि उजेडाच्या ताणात कोरल लवकर पांढरं पडतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या टाकीला खान्देशातल्या मे महिन्यात दोन्ही ताण असतातच. म्हणून फॉस्फेट दिसेपर्यंत नायट्रेट ५ च्या वर नेऊ नका.

मोजताना हॅना कंपनीच्या अल्ट्रा लो रेंज फॉस्फरस चेकरवर (छोटा डिजिटल मीटर) आकडा फॉस्फरसचा येतो, फॉस्फेटचा नाही, आणि तोही पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. त्याला ३.०६६ ने गुणा, १००० ने भागा: १५ आला तर ०.०४६ पीपीएम. काचेच्या नळीवर बोटाचा ठसा किंवा आत चिकटलेला बुडबुडा असेल तर आकडा फुगतो. शिवाय या चेकरची चूक ५ पीपीबी आणि वर आकड्याच्या ५ टक्क्यांपर्यंत असते, तेव्हा एका मोजणीवर डोस बदलू नका. पुढच्या काचेवर दोन-तीन दिवसांनी हिरवट थर पुसावा लागतोय, तपकिरी तारा मागे हटल्यात, तर मात्रा बरोबर आहे. दगडावर हिरवे केस (केसांसारखं शेवाळ) उगवायला लागले तर आधी फॉस्फेटची बाटली थांबवा.