दहा सेकंदांचा डबल

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत संचालक, म्हणजे पंच, म्हणून काम करताना मला टेबलावर बोलावले जाते ते बहुधा किरकोळ कारणासाठी. कुणी पाळी नसताना उतारी केलेली असते, तर कुणी हातात रंग असूनही दुसरेच पान टाकलेले असते. त्या दिवशीच्या जोड्यांच्या स्पर्धेत मात्र एका डबलने, म्हणजे समोरच्यांच्या बोलीचे गुण आणि दंड वाढवणाऱ्या पुकाऱ्याने, माझा अर्धा तास खाल्ला.

टेबलावर नॉर्थ-साउथ ही एक जोडी आणि ईस्ट-वेस्ट दुसरी; बोली म्हणजे तो रंग हुकूम धरून सहाच्या वर तितके हात करण्याचा शब्द. साउथने एक बदाम, वेस्टने एक इस्पिक, नॉर्थने दोन बदाम, ईस्टने दोन इस्पिक, साउथने तीन बदाम आणि वेस्टने तीन इस्पिक अशी बोली चढत गेली होती. ईस्ट-वेस्ट व्हल्नरेबल होते, म्हणजे त्या डावात त्यांचे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे होते; नॉर्थ-साउथ नव्हते. नॉर्थच्या बाईंचा हात बोलीच्या डब्यावर दहाएक सेकंद नुसता थांबून राहिला आणि मग त्यांनी डबलचा लाल पत्ता टेबलावर ठेवला. ईस्टने पास दिला, साउथने चार बदाम म्हटले, खेळात चौकटीची राणी दुसऱ्याच फेरीला पडली आणि दहा हात झाले. 420 गुण लिहिले जात असतानाच ईस्टने मला बोलावले.

बाईंकडे इस्पिकची राणी, गुलाम आणि पंजा, बदामाचा राजा आणि चित्रांच्या किमतीने मोजलेले एकूण नऊ गुण होते. जोड्यांच्या खेळात तीच पाने इतर टेबलांवरही खेळली जातात आणि गुणांची तुलना होते, म्हणून असा डबल का मोहात पाडतो, हे मला ठाऊक आहे. व्हल्नरेबल बाजू एका हाताने पडली, तर डबलशिवाय 100 आणि डबलसह 200 मिळतात, आणि आपल्या तीन बदामांचे 140 या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये येतात. पण तीन इस्पिक बनले, तर डबलमुळे तो मोठ्या बक्षिसाचा पूर्ण गेम ठरतो आणि समोरच्यांना 730 मिळतात. पाने तपासली तेव्हा बचावाला बदामाचा एक, चौकटीचे दोन आणि हुकमाचा एक, एवढेच हात दिसले. म्हणजे बाकीचे नऊ हात करून तीन इस्पिक बनत होते.

साउथचे म्हणणे होते, "सर, माझ्याकडे सहा बदाम आणि चार चौकट होते, मी चारवर जाणारच होतो." यावर माझ्या मनात लगेच आले की मग तीन बदाम म्हणताना चारच का नाही म्हटले, ते मी बोललो नाही. विचार करायला वेळ घेणे हा गुन्हा नाही. मात्र त्या थांबण्यातून भिडूला जे कळते, त्याचा फायदा त्याने घ्यायचा नसतो, हे 2017च्या नियमावलीतील सोळाव्या नियमाचे सार आहे. बोलींचे अर्थ लिहिलेल्या त्यांच्या पद्धतीच्या कार्डावर हा डबल शिक्षेचा, म्हणजे समोरच्यांना पाडण्यासाठीचा, असल्याचे स्वच्छ लिहिलेले होते. ठामपणे दिलेला शिक्षेचा डबल भिडू सहसा काढत नाही, म्हणजे त्यावर स्वतःची बोली चढवत नाही. रेंगाळलेला डबल काढावासा वाटतो, कारण त्यात शंका ऐकू येते.

मी त्याच तोडीच्या पाच खेळाडूंना, थांबण्याविषयी अवाक्षर न काढता, साउथची पाने आणि बोली दाखवली. बदामाचा एक्का, चौकटीचे एक्का-राजा आणि हुकमाचे एकच पान पाहून तिघांनी पास दिला, दोघे चार बदामांवर गेले. पास हा खरोखरचा पर्याय होता, हे त्यावरून ठरले आणि मी निकाल बदलून तीन इस्पिक डबल, बनले, ईस्ट-वेस्टला 730 असा लिहिला. साउथने अपिलाचा अर्ज मागितला आणि थोड्या वेळाने कोराच परत केला.

संध्याकाळी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटले, त्या निर्णयावर वाद घालणार. त्या म्हणाल्या, "सर, डबल मी केव्हाच ठरवला होता. मागच्या डावात मी चुकीची उतारी केली होती ना, तीच डोक्यात घोळत होती."

त्या सेकंदांचा पानांशी काहीच संबंध नव्हता, हे साउथला समजायला मार्ग नव्हता आणि मलाही नव्हता. मी त्यांना तसे सांगितले, आणि 730 तसेच राहिले.