त्या अर्जात गुन्हाच लिहिला नव्हता

आमच्या सोशल मीडिया कंपनीच्या मालाडच्या ऑफिसात आमच्या टीमचं काम एवढंच, की देशोदेशीच्या पोलिसांकडून युजरचा डेटा मागणारे अर्ज येतात ते तपासायचे. कोर्टाची ऑर्डर आहे का, कलम कोणतं, मेल सरकारी आयडीवरूनच आलाय ना. बहुतेक अर्ज फसवणुकीचे, धमक्यांचे, हरवलेल्या मुलांचे असतात आणि ते आम्ही भराभर मार्गी लावतो.

त्या दिवशी आखातातल्या एका देशाचा अर्ज आला, त्यावर इमर्जन्सी टिक केलेलं. म्हणजे कुणाच्या तरी जिवाला धोका, अशा वेळी ऑर्डर नसली तरी चालते. पण खाली कारण काय, तर अफवा पसरवून देशाची बदनामी. हवं काय, तर फोन नंबर, रिकव्हरी मेल आणि वर्षभराचे आयपी लॉग, म्हणजे तो कधी आणि कोणत्या नेटवरून लॉगिन झाला ह्याच्या नोंदी. मी त्या अकाउंटच्या पोस्ट बघितल्या तर थकलेले पगार, लेबर कॅम्पमधलं घाण पाणी, जमा करून घेतलेले पासपोर्ट, आणि अर्ध्या पोस्ट हिंदीत. आमच्या रत्नागिरीकडची किती माणसं तिकडे राबतायत, त्यातलाच कुणी असेल हा, ह्या विचाराने पोटात गोळा आला.

मला शी ताओ आठवला. चीनमधला पत्रकार, १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात आंदोलकांना चिरडलं त्याच्या १५व्या स्मृतिदिनाच्या वेळी काय छापायचं नाही ह्याची सरकारी सूचना त्याने २००४ मध्ये परदेशी वेबसाइटला मेल केली, ज्यांची मेल सेवा तो वापरायचा त्या याहूने त्याची माहिती सरकारला दिली आणि त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. २००७ मध्ये याहूचा प्रमुख जेरी यांगने त्याच्या आईची माफी मागितली तेव्हा तो आतच होता.

कॉलवर तिकडचे रीजनल हेड म्हणाले, "अहो मॅडम, इथे आपली माणसं बसतात, उद्या त्यांना उचललं तर सोडवायला तुम्ही येणार का?" ही भीती खोटी नाहीये. २०२१ मध्ये रशियात अॅपल आणि गूगलने विरोधी नेता नवाल्नीचं मतदानाचं अॅप काढलं तेव्हाही तिथल्या स्टाफवर केसेस टाकायची धमकी होती अशाच बातम्या होत्या. पण आमच्या लीडने शांतपणे सांगितलं, "गुन्हा कोणता ते लेखी मागव, ऑर्डर मागव, तोपर्यंत एक अक्षर द्यायचं नाही." मी तसंच उत्तर पाठवलं.

मग त्या देशाच्या पोलिसांनी दुसरा अर्ज टाकला, की निदान डेटा डिलीट तरी करू नका, आणि तो लीगलने मान्य केला. म्हणजे तो माणूस आमच्या सर्व्हरवर तसाच अडकून पडलाय.

मुळात वर्षभराचे लॉग आम्ही ठेवतोच कशाला? २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नल ह्या मेसेजिंग अॅपला समन्स आलं होतं तेव्हा त्यांच्याकडे द्यायला फक्त अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्शन कधीचं एवढंच होतं, कारण बाकी काही साठवलेलंच नव्हतं. मी हेच प्रॉडक्टवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, अॅनालिटिक्सला लागतात. मी परत लिहिलंय, ह्या वेळी लीडला सीसीत घेऊन, आणि त्या अकाउंटवर काय काय लिहिलेलं आहे तेही मेलमध्ये टाकलंय.