टाउनहाउस बांधायला गेलो आणि सेप्टिक टँक शिकलो

नॉर्थ कॅरोलायनातलं सॅनफोर्ड हे विटांचं गाव. तिथल्या लाल चिकणमातीच्या विटा पिढ्यान् पिढ्या लांबलांब गेल्या. ही गोष्ट मला तिथला ट्रेलर पार्क (ओढून आणून ठेवलेल्या तयार घरांची वसाहत) घ्यायला निघण्याआधी कोणीतरी सांगायला हवी होती. जी माती भट्टीत सोन्यासारखी, ती सांडपाणी जिरवायला अगदी निकामी.

2022 च्या मार्चमध्ये जवळच्या मॉन्क्युअरला व्हिनफास्टचा मोटार कारखाना जाहीर झाला आणि सप्टेंबरमध्ये सायलर सिटीजवळ वुल्फस्पीडचा चिपचा. त्या वर्षी आम्हा जवळच्या कॅरी शहरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही जमिनीचाच विषय. आम्ही तिघे मित्र, तिघेही आयटीतले, तिघांनीही हातात कधी फावडं न धरलेलं. एका ब्रोकरने दाखवलेला पार्क बघायला गेलो. सात एकर, 24 लॉट म्हणजे घर ठेवायच्या जागा, त्यातले 19 भरलेले, मागणी नऊ लाख डॉलर. मूळ मालक वारलेला, मुलं दुसऱ्या राज्यात, गवत गुडघाभर. बेत सोपा होता: घ्यायचा, रिकामा करायचा, टाउनहाउस म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली घरं बांधायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे जमीन पार्कच्या मालकाची असते आणि तिच्यावर उभं असलेलं घर बहुतेक वेळा राहणाऱ्याचं. तो फक्त जागेचं भाडं देतो, त्याला लॉट रेंट म्हणतात. या घरांना 'मोबाइल होम' म्हणत असले तरी घर एकदा बसलं की सहसा हलत नाही.

करार झाला आणि तपासणीला 60 दिवस मिळाले. मी पहिल्यांदा मागितलं ते बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ब्रोकरच्या कागदावरचे 19 भाडेकरू बँकेत पोचेपर्यंत 14 झाले. दोघं वर्षभर पैसे देत नव्हते, एका घरात मालकाचा भाचा फुकट राहत होता आणि दोन घरं नुसती उभी होती, आत झाड उगवलेलं. पार्कच्या मालकीची म्हणून सात घरं दाखवली होती, त्यातल्या तीन घरांचेच टायटल, म्हणजे मालकीचे कागद, सापडले. इथे या घरांचे कागद गाडीसारखे डीएमव्हीकडे, म्हणजे वाहन नोंदणी खात्याकडे असतात. कागद नसलेलं घर मोडीत काढायचं म्हटलं तरी ते आधी आपलं आहे हे सिद्ध करावं लागतं. उरलेल्या चार घरांसाठी वकिलाने जेवढं बिल लावलं तेवढ्यात एक जुना ट्रेलर आला असता.

मग पाणी. सगळ्या पार्कला एकच विहीर. पंधरा किंवा जास्त जोडण्या असल्या की अमेरिकन कायद्याने ती सार्वजनिक पाणीपुरवठा योजना ठरते. म्हणजे नियमित नमुने, प्रमाणित ऑपरेटर, राज्याकडे अहवाल. इथे कित्येक महिन्यांचे नमुने गेलेच नव्हते आणि नोटिसा एका खोक्यात न फोडता पडलेल्या. मी त्या एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावत बसलो. बायको म्हणाली, "घर घेतोयस की म्युनिसिपालटी?"

पण खरा धडा दिला सेप्टिक उपसणाऱ्या माणसाने. साठीचा, तंबाखू चघळणारा. त्याला दिवसाच्या बोलीवर आणला आणि एकेक टाकी उघडून बघायला सांगितली. चार टाक्या सापडल्याच नाहीत. दोन लॉटना मिळून एक टाकी निघाली. मागच्या बाजूला पाणी वरच साचलेलं होतं, आम्ही ते पावसाचं समजत होतो. त्याने मूठभर माती उचलली, तळहातावर वळकटी करून दाखवली आणि म्हणाला, ही ट्रायासिक, म्हणजे कोट्यवधी वर्षं जुन्या खडकाची माती, हिच्यात थेंब उतरत नाही. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात तेच ऐकलं: रिकाम्या लॉटवर दुसरं घर आणायचं तर आधी तिथल्या सेप्टिकला मंजुरी हवी. म्हणजे 24 लॉट हा आकडा कागदावरचाच. टाउनहाउसला तर गावाचं ड्रेनेजच लागणार, आणि ती लाइन पार्कपासून पाऊण मैलावरच थांबलेली. मध्ये ओढा. पंपिंग स्टेशनसकट इंजिनिअरने जो अंदाज दिला तो पार्कच्या किमतीच्या वर होता.

तरीही आमच्यातला एक जण हटून बसला होता. त्याचं म्हणणं, लोकांना नोटीस देऊन टाकू, जमीन रिकामी असली की बिल्डर धावत येतो. कायदा त्याच्या बाजूने होता. नॉर्थ कॅरोलायनात पाच किंवा जास्त घरांचा पार्क दुसऱ्या वापरासाठी बंद करायचा तर तिथल्या घरांच्या मालकांना 180 दिवसांची नोटीस द्यावी लागते. संमती कोणाचीच लागत नाही.

हे मी रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगत होतो. गिरणगावातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासात त्यांनी नऊ वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढलेली. त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हताच.

"बिऱ्हाडं किती आहेत?"

"भाडं देणारी चौदा."

"संमतीपत्रं झाली?"

"इथे लागत नाहीत, बाबा."

"मग नवीन जागा कुठे देतोयस?"

"तीही द्यावी लागत नाही."

बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी फोन आईकडे दिला.

तिसऱ्या लॉटवर एक आजी राहते. तिचा ट्रेलर 1972 चा. 15 जून 1976 पासून या घरांना केंद्र सरकारचे बांधकाम नियम लागू झाले. त्याआधीचं घर बहुतेक पार्क आत घेत नाहीत, आणि तिच्या घराची खालची चौकट इतकी गंजलेली की ट्रकवर चढवताना मोडेल. ती दर वर्षी कौंटीला त्या घराचा कर भरते. तिच्यासाठी 180 दिवसांची नोटीस म्हणजे घर गेलं, एवढाच अर्थ. मी फार संत माणूस आहे असं नाही. ड्रेनेजचा आकडा निम्मा आला असता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर मी अजून स्वतःलाही दिलेलं नाही.

टाउनहाउसचा नाद सोडून पार्कच चालवायचा ठरवला. आम्ही 30 दिवस वाढवून घेतले आणि टाक्यांचे फोटो, विहिरीच्या नोटिसा, बँकेचा हिशेब असं सगळं विक्रेत्याच्या वकिलासमोर ठेवलं. भाव सहा लाख चाळीस हजारांवर आला. कोणतीच बँक दारात उभं करीना, म्हणून बरीचशी रक्कम विक्रेत्यानेच हप्त्यांवर ठेवली. हटून बसलेला मित्र बाहेर पडला. आमच्या गणपतीला तो अजून येतो, पण मोदक लांबच्या टेबलावर खातो.

क्लोजिंगला, म्हणजे खरेदीच्या सह्यांना, दीड तास लागला. त्यानंतरचं दीड वर्ष मात्र खड्डे खणण्यात गेलं. सहा टाक्या बदलल्या, विजेचे 60 अँपियरचे जुने खांब काढले, झाड उगवलेली दोन्ही घरं पाडली. नोटिसा इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्ये काढायला लागलो, कारण निम्म्या घरांत तीच भाषा. माझ्या मुलीच्या शाळेतल्या स्पॅनिशचा तेवढा उपयोग झाला. पहिल्या नोटिशीत तिने 'पाणी बंद राहील' ऐवजी 'पाणी मेलं आहे' असं काहीतरी लिहिलं होतं. लोक घाबरून विहिरीपाशी जमले.

दरम्यान व्हिनफास्टने मुहूर्त 2028 पर्यंत ढकलला, 2025 मध्ये वुल्फस्पीड दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, आणि जमिनीच्या गप्पा आरतीच्या रांगेतून गायब झाल्या. आमचे 18 लॉट भरलेत. मागचे दोन एकर तसेच पडून आहेत, ड्रेनेज कधी आलंच तर बघू. आजीच्या जिन्याची फळी मागच्या महिन्यात बदलली. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी उलट विचारलं, की नळाला पाणी किती वाजता येतं. चोवीस तास येतं म्हटल्यावर, पार्क घेतल्यापासून पहिल्यांदाच, ते "बरं" म्हणाले.